मागून ढकलणारी गाडी

भाऊजींचं आणि माझ्या धाकट्या जावेचं पहिलं मोठं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकलं म्हणजे मी काही कान लावून बसले नव्हते. आमच्या दोन स्वयंपाकघरांमधली भिंतच इतकी पातळ होती की त्यांच्याकडे चमचा पडला तर मी आमच्याकडे वाकून शोधायची.

"ती टॅक्सी विकायची आणि त्या गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी धरायची म्हणजे धरायची," धाकटी म्हणत होती. "आठवड्याला एकदा बंद पडते आणि तुम्ही तिच्याखाली जाऊन झोपता. माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ नाही, तिच्या पोटाखाली पडून मात्र तास तास बडबड चालते!"

"बडबड कसली? शिव्या देतो मी तिला."

"मग मलाही द्या! तेवढंच बोलणं होईल."

भाऊजी म्हणाले, "शोरूमचं काम म्हणजे लोकांच्या गाड्या इकडून उचलून तिकडे ठेवायच्या. त्याला काय चालवणं म्हणतात? टॅक्सीत माणूस बसतो, बोलतो, भांडतो. शोरूमच्या रिकाम्या गाडीत मी कोणाशी बोलू?"

"गाडीशी. सवय आहेच."

मला हसू फुटलं आणि तिकडचं भांडण एकदम थांबलं. भिंत दोन्ही बाजूंनी तेवढीच पातळ आहे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

टॅक्सी विकली गेली. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, शोरूममध्ये ड्रायव्हर म्हणून लागले आणि तिथे एकोणतीस वर्षं राहिले. ट्रेलरवरून नव्या गाड्या उतरवायच्या, गिऱ्हाइकाला शेजारी बसवून फेरी मारून आणायची, दुरुस्त झालेल्या गाड्या घरपोच करायच्या, हे त्यांचं काम. मालकांच्या केबिनबाहेर भिंतीवर किल्ल्यांची फळी होती. चाळीस खिळे, चाळीस किल्ल्या. वीज गेली तरी अंधारात हात घालून भाऊजी हवी ती किल्ली काढायचे. घरी मात्र स्वतःचा चष्मा सापडत नसे. तो धाकटीच शोधून द्यायची, बहुतेक वेळा त्यांच्याच कपाळावरून.

माणूस अंगाने लहानखुरा. मोठ्या गाडीत बसले की बाहेरून फक्त टोपी आणि दोन हात दिसत. चौकातल्या पोलिसाने एकदा गाडी थांबवून आत वाकून पाहिलं होतं, कोणी आहे की नाही म्हणून. पण ते हात एकदा स्टिअरिंगवर पडले की भाऊजी निराळेच होऊन जात. एरवी बोलताना अडखळायचे, लग्नाकार्यात कुठे उभं राहावं ते त्यांना कळायचं नाही, फोटोत हात कधी मागे लपवायचे तर कधी खिशात कोंबायचे. मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, स्टिअरिंग नसलं की हे दोन हात मला जास्तीचे वाटतात." गंमत म्हणून म्हणाले नव्हते.

पायांचीही तीच गत. टीव्हीवर कोणी गाडी भरधाव सोडली की भाऊजी खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या पायाने ब्रेक मारत. त्यांच्या खुर्चीपुढची चटई उजव्या बाजूला झिजून गेली होती. धाकटी दर दोन वर्षांनी ती उलटी फिरवून टाकायची.

मग मालकांनी परदेशातून गाडी आणायचं ठरवलं.

तोवर शोरूममध्ये घरगुती गाड्या विकल्या जात. आई, बाप, दोन मुलं आणि डिकीत पिशव्या, अशा. ही नवी गाडी आमच्या भागात अजून कोणी पाहिलीही नव्हती. ती विकायला एक नवा मॅनेजर ठेवला. वय कोवळं, आवाज जून. तो दिवसातून चाळीस वेळा 'परफॉर्मन्स सेडान' म्हणायचा. भाऊजी घरी येऊन ते शब्द आम्हाला ऐकवत.

"सेडान म्हणजे?" मी विचारलं.

"चार दारं आणि मागे वेगळी डिकी."

"आणि परफॉर्मन्स म्हणजे?"

भाऊजींनी बराच विचार केला. "म्हणजे बघा वहिनी, ती उभी असली तरी घाईत दिसते."

गाडी जहाजातून, बंद पेटाऱ्यात आली. पेटाऱ्यातून तिला बाहेर काढायचं काम भाऊजींकडेच होतं, कारण बाकी सगळे तिला हात लावायला घाबरत होते. त्या संध्याकाळी ते घरी आले ते नव्या नवरदेवासारखे. चहा गार झाला तरी कप हातातच.

"वहिनी, ती मागून ढकलते."

"कोणाला?"

"स्वतःला. हे बघा, तुम्ही कपाट सरकवता तेव्हा एकतर पुढे उभं राहून ओढता, नाहीतर मागे जाऊन ढकलता. हल्लीच्या बहुतेक गाड्या ओढणाऱ्या. इंजिनाचा सगळा जोर पुढच्या चाकांना. हिचा जोर मागच्या चाकांना. आमची टॅक्सी तशीच होती! अकरा वर्षं मी दुसरं काय चालवलं? फक्त टॅक्सीला जोर नव्हता, आणि हिला इतका आहे की पाय नुसता टेकवला तरी ती विचारते, कुठे जायचं?"

धाकटी आतून म्हणाली, "ती विचारते, आणि तुम्ही मला कधी विचारता का?" पण आवाजात राग नव्हता. तेवीस वर्षांत एवढा खूश माणूस तिनेही पाहिला नव्हता.

ती खुशी नऊ दिवस टिकली.

दहाव्या दिवशी भाऊजी मला जिन्यात भेटले. घरात न जाता पायरीवर बसले होते. हातात एक कागद.

"वहिनी, हे वाचा जरा."

"चष्मा वर आहे. तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचलं. येत्या एक तारखेपासून त्यांनी गेटवर बसायचं होतं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. खाली मॅनेजरची सही, सहीखाली दोन रेघा.

"का पण?"

"वय झालं म्हणतात. नव्या गाडीला शिकून आलेला माणूस पाहिजे. तो येतोय. किल्ल्यांची फळी त्याच्याकडे जाणार."

"नव्या गाडीची किल्ली ना? बाकीच्या?"

"चाळीसच्या चाळीस."

काहीतरी बरं बोलायचं म्हणून विचारलं, "गेटवर बसायला खुर्ची तरी आहे ना?"

"खुर्ची आहे हो," भाऊजी म्हणाले. "पण तिला स्टिअरिंग नाही."

मालकांना विचारलं का, तर म्हणे विचारलं. मालकांच्या डोक्यात सध्या नव्या गाडीचा सोहळा होता. 'तो एकदा पार पडू दे, मग बघू,' एवढंच ते म्हणाले होते. म्हणजे काय बघणार ते भाऊजींना कळलं नव्हतं, आणि मला तर त्याहून नाही.

"धाकटीला सांगितलं?"

"नाही. तुम्हीही सांगू नका. तिनेच मला तिथे लावलं ना. तिला उगाच वाटत राहील."

मी सांगितलं नाही. पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही. ते आठ दिवस मी धाकटीशी फक्त हवेबद्दल बोलले. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

सोहळ्याचं आमंत्रण आम्हाला यायचं काही कारण नव्हतं. पण शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि येतो म्हणणारी माणसं भरली साठ. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे साहेब परदेशातून येणार, फोटोवाले येणार, मग रिकाम्या खुर्च्या कशा दिसतील? तेव्हा मॅनेजरने नोकरमाणसांना फर्मान काढलं की घरची दोन दोन माणसं आणा, कपडे चांगले घाला आणि कोणी विचारलं तर गाडी घ्यायचा विचार चाललाय असं सांगा. अशा तऱ्हेने मी आणि धाकटी त्या दिवशी दुपारी चार वाजता, आयुष्यात पहिल्यांदा, गाडी घ्यायच्या विचारात तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.

शोरूम नुसतं लखलखत होतं. फरशी अशी की आपले पाय आपल्यालाच खालून दिसावेत. समोर लाकडी मंच, गुडघ्याएवढा उंच. मंचावर चढायला लाकडाचाच उतार. काचेच्या मोठ्या दारापासून त्या उतारावरून थेट मंचाच्या मागच्या टोकापर्यंत एकच लांबलचक लाल गालिचा. बेत असा होता की दार उघडेल, गाणं लागेल, गाडी गालिच्यावरून येऊन मंचावर चढेल आणि मग मालक बोलतील.

शिकून आलेला माणूसही दिसला. काळे कातडी हातमोजे घालून फिरत होता. त्याने हातमोजे घालूनच चहा घेतला, तेव्हा धाकटीने मला कोपराने ढोसलं. "याला खरूज आहे का हो?"

भाऊजी दाराशी उभे. त्यांना काम दिलं होतं गाडीवरचं रेशमी कापड ओढायचं. हात मागे बांधलेले. मी पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

सकाळचा प्रकार आम्हाला गाड्या धुणाऱ्या बाईने सांगितला. ती आमच्या मागच्याच खुर्चीवर बसली होती, कारण तीही गाडी घेणार होती. सकाळी मॅनेजरने तिला आणि तिच्या जोडीदारणीला टायरांना पॉलिश लावायला सांगितलं. ते नेहमीच लावतात, बाजूने, टायर काळेभोर दिसायला. पण मॅनेजर म्हणाला की मंचावर गाडी चढताना फोटोवाले खालून फोटो घेतील, तेव्हा रस्त्याला टेकतो तो भागही चमकला पाहिजे. सगळीकडून लावा, दोन हात द्या.

"तुझे दीर तिथेच होते की," बाई मला म्हणाली. "म्हणाले, साहेब, तळव्यांना तेल चोळून कोणी जिना चढतं का? तर साहेब म्हणाला, तुम्ही गेटचं बघा."

"गेटचं?" धाकटीने मान वळवली. "गेटचं काय?"

मी म्हटलं, "दार उघडलं बघ."

दार उघडलं. गाणं लागलं. भाऊजींनी कापड ओढलं आणि गाडी आत आली. खरं सांगते, सुरेख होती. निळी, पण शाई पाण्यात पसरते तशी निळी. लोक उभे राहिले. मंचावर मालक, परदेशी साहेब आणि मॅनेजर, तिघेही गालिच्यावर, तोंडावर फोटोचं हसू. पुढची दोन चाकं उतारावर चढली. मागची दोन उताराच्या पायथ्याशी आली आणि गाडी थांबली.

हातमोज्यांनी पाय दाबला. इंजिन घुरघुरलं, गाडी बोटभर पुढे गेली आणि दोन बोटं मागे आली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. गाणं संपलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावलं. मंचावरचं हसू तसंच होतं, फक्त आता ते दुखायला लागल्यासारखं दिसत होतं.

भाऊजींनी नंतर मला समजावलं. या गाडीत अशी सोय असते की चाक जागच्या जागी घसरायला लागलं की गाडी आपणहून जोर कमी करते. ती शहाणी होती, तिला कळलं होतं की पायाखाली तेल आहे. पण ती सोय बंद करायचं एक बटणही असतं. ते दाबलं की गाडी म्हणते, बरं, मग आता तुमचं तुम्ही बघा.

हातमोज्यांनी बटण दाबलं.

मग जो आवाज झाला त्याने माझ्या कवळीला हादरा बसला. मागची चाकं गरगरली. गाडी जागेवरच, पण चाकांखालचा गालिचा मागे धावला. पॉलिशची फरशी, त्यावर गुळगुळीत गालिचा, त्याला थांबवणार कोण? चाकं पुढून गालिचा ओढून घेत होती आणि मागे फेकत होती, दाराकडे, घड्यांवर घड्या. आणि गालिच्याच्या दुसऱ्या टोकाला तर तिघं उभे होते! ते तसेच, उभ्याउभ्या, पाय न हलवता गाडीकडे निघाले. विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा येतात ना, तसे. मालकांच्या हातात भाषणाचा कागद होता. परदेशी साहेब सराईत दिसले, गुडघे वाकवून त्यांनी तोल सांभाळला. मॅनेजर उताराला लागताच खाली बसला आणि बसूनच घसरत आला. मालक शेवटी गाडीच्या नाकाडावर जाऊन टेकले, दोन्ही हात पसरून, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या भावाला मिठी मारावी तसे.

हातमोज्यांनी तेव्हा कुठे पाय काढला. गाणं चालूच होतं.

हॉलमध्ये आधी कोणीच हसलं नाही. मग धाकटी हसली. ती हसली की थांबत नाही आणि तिचं हसणं बारीक आवाजाचं नाही. मग सगळ्यांचा बांध फुटला.

मालक लालबुंद. "ही गाडी चालवता येणारं कोणी आहे का इथे?"

मॅनेजर म्हणाला, उतार चुकीचा आहे. हातमोजे म्हणाले, फरशी चुकीची आहे. तेवढ्यात दाराकडून भाऊजींचा आवाज आला. एरवी चारचौघांत ज्यांचा आवाज निघत नाही, त्यांचा.

"मी चढवतो. पण दहा मिनिटं लागतील."

"तुम्ही?" मॅनेजर म्हणाला.

"आधी तो गालिचा काढा. मग दोन बादल्या गरम पाणी, साबणाची भुकटी आणि कोरडी फडकी."

आमच्या मागची बाई उठलीच. "मी आणते! सकाळी मीच चोपडलंय, मीच उतरवते." जाता जाता मॅनेजरला ऐकवलं, "दोन हात दिले होते साहेब, घासायला आता चार लागणार."

शंभर माणसांपुढे भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि त्या गाडीचे पाय धुऊ लागले. नवी टोपी काढून बाजूला ठेवली. चाकं पुढेमागे करत एकेक टायर घासला, पुसला, तळहात फिरवून पाहिला, पुन्हा घासला. लोक जायला उठले नव्हते. खरं तर सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले होते. फोटोवाले खालून फोटो घेत होते, मॅनेजरच्या बेताप्रमाणेच.

मग भाऊजी उभे राहिले आणि उताराकडे बघून मान हलवली. मालकांना म्हणाले, "लाकडावरही रंगाची चमक आहे. मागची चाकं दाबून बसली पाहिजेत. आमच्या टॅक्सीला ओल्या चढावर मी सगळी माणसं मागे बसवायचो. मागे वजन पाहिजे."

"किती?"

"चांगलं वजनदार."

प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटाकडे पाहू लागला. भाऊजींनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, दुसऱ्या रांगेवरून फिरवली आणि तिसऱ्या रांगेवर ती येऊन थांबली. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"वहिनी, या. तूही ये गं."

"मी?" धाकटी उभी राहिली ती भांडायलाच. "अहो, शंभर माणसांत वजनदार म्हणून तुम्हाला मीच दिसले? घरी चला, मग सांगते!"

"घरी सांग. आता बस."

मी म्हटलं, "चल गं. आजवर या वजनाला सगळ्यांनी नावंच ठेवली, एकदा तरी ते कुणाच्या कामी येऊ दे."

मी भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं होतं, म्हणून उठले. ते गमतीत नव्हते. चाळीस किल्ल्या आणि एक खुर्ची, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

आम्ही दोन्ही दारांनी आत शिरलो. शिरलो म्हणजे पडलोच, कारण ती गाडी फार बुटकी. मध्ये जागा उरली होती. परदेशी साहेबांना आमची भाषा येत नव्हती, पण त्यांना सगळं कळलं होतं. ते उठले, स्वतःच्या पोटावर एक थाप मारून दाखवली आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन बसले. गाडी मागून चांगली चार बोटं खाली बसली. धाकटी त्यांना म्हणाली, "नीट बसा हो, पाय लांब करा." ते हसले. ती दार धरून बसली.

भाऊजींनी आधी ते बटण दाबून ती सोय पुन्हा चालू केली. मग हात स्टिअरिंगवर ठेवले. आरशात मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते टॅक्सीतले होते.

त्यांनी पाय दाबलाच नाही, असं मला वाटलं. आवाज नाही, धक्का नाही. गाडी हळूच पुढे झाली, उतार आला, मी धाकटीचा हात साहेबांच्या मांडीवरून घट्ट पकडला, आणि जिन्याची सवय असलेली म्हातारी चढते तशी ती गाडी एकेक वीत चढून मंचावर गेली आणि अगदी मधोमध थांबली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

यानंतर उतरायचं होतं. चढायला दहा मिनिटं लागली, आम्हाला उतरायला तेवढीच. त्या खोल गादीतून मी आधी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, मग दोन्ही आत घेतले, कारण बाकीची मी निघेना. शेवटी साहेबांनी मागून ढकललं. दुसऱ्या दिवशी पेपरात जो फोटो आला त्यात गाडीचं नाव खाली होतं आणि वर माझ्या चपला.

मॅनेजरला तो फोटो बघून ताप भरला. ही गाडी तरुणांची, वाऱ्याची, असं काय काय तो वर्षभर बोलणार होता. पण पुढच्या आठवड्यात शोरूममध्ये लोक यायला लागले ते पन्नाशीच्या पुढचे, आणि विचारायचे एकच. "त्या दोघी मागे इतक्या आरामात बसल्या होत्या, मधे तो जाडा साहेब, ती हीच का?" पहिली गाडी एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. त्यांच्या आईला गुडघे वाकवता येत नव्हते, आईने मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि उठायला नकार दिला.

पण हे सगळं नंतर. सोहळ्यानंतर चौथ्या दिवशी एक तारीख होती. मॅनेजर काही बोलला नव्हता, मालक काही बोलले नव्हते. कागद मात्र होता, आणि भाऊजी कागद मानणारे. सकाळी ते गेले ते थेट गेटवर. खुर्चीत बसले, वही उघडली, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या लिहू लागले. दहाच्या सुमाराला मालक स्वतः गेटवर आले.

"आत गिऱ्हाईक फेरीसाठी थांबलंय. तुम्ही इथे काय करताय?"

"नंबर लिहितोय."

"कोणी सांगितलं?"

भाऊजींनी कागद काढून दिला. मालकांनी वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"आणि तो हातमोजेवाला?"

"तो परवाच गेला. हातमोजे इथेच राहिलेत."

मालकांनी तो कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. "उठा. आत चला."

"एक मिनिट," भाऊजी म्हणाले. "तुम्ही आत आलात ते लिहायचं राहिलंय."

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे सगळं धाकटीला सांगितलं, आठ दिवसांची लपवाछपवी धरून. मला वाटलं, ती आनंदाने रडेल. तिने आधी भांडी आदळली. "गेटची गोष्ट वहिनींना जिन्यात सांगता आणि मला नाही? मी कोण? मी फक्त वजन का?" मी भिंतीच्या या बाजूला तोंडात टॉवेल कोंबून बसले होते. बऱ्याच वेळाने तिचा आवाज खाली आला. ती म्हणाली, "तुम्हाला कोणी कायमचं गेटवर बसवलं असतं ना, तर मी जाऊन ती खुर्चीच उचलून आणली असती." मग भाऊजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. भिंतीला कान लावावा असं वाटलं, पण लावला नाही.

किल्ल्यांची फळी त्यांच्याचकडे राहिली, सहा वर्षं. मॅनेजर बदलले, दोनदा मंचही बदलला. ज्यांनी ज्यांनी ती निळी गाडी घेतली त्यांना भाऊजी शेजारी बसवून एकच गोष्ट शिकवत. ती मागून ढकलते, तेव्हा तिला घाई करू नका, ती तुमच्यापेक्षा जास्त घाईत आहे.

भाऊजी गेले ते एका गुरुवारी पहाटे, झोपेत. कुणाला उठवायला नको असं त्यांनी ठरवलं असावं. पण मला सांगायचं आहे ते बुधवारचं. ते मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भेटायला आल्या तेव्हा.

बुधवारी दुपारी भाऊजी त्यांची गाडी सर्व्हिसिंग करून घेऊन आले. बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. सीट त्यांच्या मापाला परत सरकवली आहे, आरसा हलवलेला नाही, मागच्या डाव्या चाकात हवा किंचित कमी वाटते, दोन दिवसांत बघून घ्या, हे सगळं सांगितलं. आईची चौकशी केली. सही घेतली, किल्ली हातात दिली, पाणी प्यायले आणि निघाले.

फाटकापर्यंत जाऊन त्यांनी वळून गाडीकडे पाहिलं. पुढची चाकं जरा वाकडी राहिली होती. दिसेल न दिसेल एवढीच. ते परत आले, पुन्हा बेल वाजवली. बाईंनी काही न विचारता किल्ली पुढे केली. सहा वर्षं त्या हेच बघत आल्या होत्या. भाऊजींनी गाडी वीतभर मागे घेतली, वीतभर पुढे आणली, चाकं सरळ केली, किल्ली परत दिली आणि चारची बस गाठायला गेले.